मुलीच्या आईने लग्नात काय नेसावे?



गेल्या आठवड्यात आपण सोयाबीनच्या बीजप्रक्रियेविषयी बोललो. या आठवड्यात खतांच्या मात्रांविषयी लिहायचे ठरवले होते. पण कोरेगाव तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आणि तो विषय पुढच्या अंकावर ढकलला. त्या लिहितात, "माझ्या थोरल्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. नवरीच्या साडीबद्दल सगळे बोलतात. नवरीच्या आईने काय नेसावे हे कोणी सांगत नाही. चार लोकांत बरे दिसावे असे वाटते, पण कर्ज नको."

बियाणे आणि औषध फवारणी सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारावा, याचे घरी सर्वांना हसू आले. परंतु गेल्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न झाले. मामा या नात्याने तिच्या आईची साडी घेण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी आधी चुकवले आणि नंतर दुरुस्त केले. म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहितो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहते. मेहुणे माथाडी कामगार होते. तुमच्यापैकी ज्यांचा कांदा वाशीच्या बाजारात जातो, त्यांच्या गोण्या या मंडळींच्या पाठीवरूनच उतरतात. साताऱ्याच्या डोंगरी भागातून आणि जुन्नर-आंबेगावकडून अशी हजारो माणसे मुंबईला गेली. मशीद बंदरच्या बाजारात त्यांनी ओझी वाहिली. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांच्या घामाला हिशेब आला, आणि पुढे बाजार वाशीला हलला तेव्हा तीही खाडी ओलांडून आली. मेहुण्यांनी तीस वर्षे गोणी उचलली, दोन खोल्यांचे घर केले, मुलीला शिकवले. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मुलीचे लग्न पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपल्याकडे भाचीच्या लग्नात मामा आपल्या बहिणीला माहेरचे लुगडे नेतो. बहीण तेच नेसून मांडवात उभी राहते. रुखवताइतकेच त्या लुगड्याकडे बायकांचे लक्ष असते. लग्नाला तीन आठवडे असताना मी साताऱ्याच्या बाजारात गेलो. दहा मिनिटांत एक साडी घेतली. बदामी रंगाची, बारीक किनारीची, अठ्ठावीसशे रुपयांची. सौभाग्यवती म्हणाल्या, "जरा गडद नव्हती का?" मी म्हणालो, "आता आक्काला गडद कशाला?" त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

कोपरखैरण्याला गेल्यावर मी साडी आक्काच्या हातात दिली. तिने घडीवरून हात फिरवला आणि "छान आहे हो बापू" म्हणून कपाटात ठेवायला निघाली. भाचीने ती घेतली, उलगडली आणि मला विचारले, "मामा, ही आजीसाठी आणलीत का?"

थट्टेच्या सुरात विचारले असते तर मी हसलो असतो. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होते. ती म्हणाली, "बाबा गेल्यापासून आई कुणाच्या हळदीला पुढं जात नाही. माझ्या लग्नात तरी तिला भिंतीला उभी करू नका."

शेतात रोप पिवळे पडले तर आपण मुळाशी जाऊन पाहतो. मी माझ्या बहिणीच्या बाबतीत वरवर पाहिले होते. तिला काय आवडते हे न विचारता, ती विधवा आहे एवढेच धरून मी रंग ठरवला होता. वाईट वागावे असे मनात नव्हते. पण बहुतेक वेळा असेच होते. कोणी वाईट वागत नाही, तरी बाई मागे सरकत राहते.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही बसलो. आक्का म्हणत होती, "लोक काय म्हणतील? पावण्यांत कुणाला चाललं नाही तर पोरीला बोल लागायचा." शेजारच्या घरच्या आजीबाई आल्या होत्या. त्या मूळच्या कोपरखैरणे गावठाणातल्या, आगरी समाजाच्या. सिडको 1970 साली आली, त्याआधी त्यांच्या घरची भातशेती होती. त्यांनी सांगितले की त्यांच्याकडे पूर्वी लग्न लावायला धवलारीण असे. बाईनेच धवले गायचे आणि बाईच्याच तोंडून लग्न लागायचे. "बाईनं लगीन लावलेलं चालतं, मग आईनं रंगीत नेसलेलं का चालू नये?" असा त्यांचा रोकडा सवाल होता.

मलाही तेव्हा दोन गोष्टी आठवल्या. शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, की पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. हा ठराव शहरातल्या विद्वानांनी केला नाही. तुमच्या-माझ्यासारख्या ऊस लावणाऱ्या गावाने केला.

दुसरी गोष्ट रंगाची. आज आपण म्हणतो, विधवेला लाल नको, पांढरे किंवा फिकट हवे. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात ब्राह्मण घरांतून केशवपन केलेल्या विधवेला लाल आलवण नेसवत असत. तेव्हा तोच लाल रंग वैधव्याचा होता. विलायतेत नवरी पांढरा पोशाख करते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1840 साली लग्नात पांढरा पोशाख केला, तिथून त्याचा प्रसार झाला. म्हणजे एकीकडे पांढरा रंग नवरीचा, दुसरीकडे विधवेचा. रंगाला स्वतःचे काही सोयर-सुतक नसते, ते आपण चिकटवलेले असते.

आक्काने ऐकून घेतले. "बघू" एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्याबरोबर दुकानात आली.

आता कामाचे बोलू. वाशी आणि पनवेलला आम्ही चार दुकाने पालथी घातली. त्यातून शिकलेले सांगतो.

आधी दिवस पाहा, मग साडी. नवरीची आई लग्नाच्या दिवशी पहाटे चारला उठते आणि मध्यरात्री पाठ टेकते. तिला वाकावे लागते, पाटावर बसावे लागते, पाहुण्यांच्या पाया पडावे लागते, स्वयंपाक्याकडे धाव घ्यावी लागते. नवरी फक्त उभी राहते, आई फिरत असते. म्हणून तिची साडी वजनाला हलकी आणि अंगावर ठरणारी हवी. दुकानात साडी नुसती खांद्यावर टाकून आरशात पाहू नये. खाली बसून, उठून, हात वर करून पाहावे. वैशाखात, त्यातून खाडीच्या दमट हवेत, जड जरीची साडी म्हणजे शिक्षा आहे. मार्गशीर्षात देशावर लग्न असेल तर थोडी जड चालेल.

पैठणी घ्यायची तर डोळे उघडे ठेवून. पैठणी म्हटले की सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. पैठण आणि येवला ही तिची गावे. 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अस्सल पैठणी हातमागावर विणतात. पदरावरचे मोर, मुनिया, आसावली हे छापलेले किंवा मागून भरलेले नसतात. ते ताण्या-बाण्यातच धोटे फिरवून विणलेले असतात. म्हणून पदर उलटा करून पाहावा. अस्सल असेल तर उलट-सुलट बाजूची नक्षी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात. यंत्रमागाची साडी घेऊ नये असे मी म्हणत नाही. ती तीन-चार हजारांत येते आणि दिसतेही छान. पण तिचे पैसे तिच्याच भावाने द्यावेत, हातमागाच्या भावाने नव्हे.

एका दुकानात आम्हाला "प्युअर रेशीम" म्हणून जी साडी दाखवली, तिच्या आतल्या बाजूचा एक सुटा धागा मी मागून घेतला आणि बाहेर येऊन काडीने पेटवला. अस्सल रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. या धाग्याची वितळून टणक गोळी झाली. तो रेशीम नव्हता. दुकानदाराशी आम्ही भांडलो नाही, नमस्कार करून पुढे गेलो. प्रत्येक ठिकाणी धागा जाळता येत नाही, त्यासाठी रेशमाचा 'सिल्क मार्क' आणि हातमागाची खूण असलेली चिठ्ठी साडीला आहे का ते पाहावे. पावती पक्की घ्यावी.

अस्सल रेशीम महाग का? हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको, पण हिशेब मांडतो. रेशीमकिडा तुतीचा पाला खातो, साधारण पंचवीस-अठ्ठावीस दिवसांत चार वेळा कात टाकून कोष करतो. एक किलो धागा निघायला सात-आठ किलो कोष लागतात. एका साडीत पाच-सहाशे ग्रॅम रेशीम धरले तर चार-पाच किलो कोष झाले. एक किलो कोषाला वीस-पंचवीस किलो पाला लागतो. म्हणजे एका साडीमागे सुमारे शंभर किलो तुतीचा पाला, तो तोडणारे हात, महिनाभराची राखण, आणि नंतर विणकराचे आठवडेच्या आठवडे. जालना, बीडकडे आज अनेक शेतकरी तुतीवर घर चालवतात. विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष घेतात. म्हणून अस्सल माल घेतला तर ती उधळपट्टी नव्हे. फक्त तो आपल्या खिशाला झेपला पाहिजे.

इरकल विसरू नका. पैठणीच्या नादात आपण आपल्या आजीचे इरकल लुगडे विसरलो. बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावावरून हे नाव पडले. तिथले विणकर अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा घेऊन दोन्ही फासे अडकवून जोडतात. अंग सुती किंवा रेशमी असते, पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढरी टोपपदराची नक्षी. ते घामात चिकटत नाही, निऱ्या नीट बसतात आणि सुती-रेशमी मिश्र साडी चार-साडेचार हजारांत येते. पदर रेशमाचा की कृत्रिम धाग्याचा हे मात्र विचारून घ्यावे. त्यावर त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाचे पोलके शिवले, तर शहरातल्या पोरीही वळून पाहतात. भाचीने मला सांगितले की इरकल आणि खण यांची फॅशन आता परत आली आहे. आमच्या आईच्या अंगावर ती कधी गेलीच नव्हती.

रंग आपल्या शिवारातून निवडा. आपल्या भाषेत रंगांची नावे किती शेतातली आहेत पाहा. वांगी, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, जांभळा, लिंबू, मिरची, गव्हाळी. सावळ्या किंवा गव्हाळ अंगाला हे गडद रंग उत्तम शोभतात. फार झगझगीत पिवळा किंवा गुलाबी घेतला तर साडी दिसते आणि बाई हरवते. नवरीच्या साडीचा रंग आधी विचारून घ्यावा आणि तोच टाळावा, म्हणजे फोटोत मायलेकी वेगळ्या उठून दिसतात. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवा दिसतो. साडी दाराशी नेऊन उजेडात पाहावी.

पोलके आधी, घाई नको. साडी चांगली आणि पोलके काचते, अशी फजिती नेहमी होते. साडी महिनाभर आधी घ्यावी. पोलक्याला सुती अस्तर लावावे, आत दोन बोटे कापड राखावे, आणि पंधरा दिवस आधी घालून पाहावे. फॉल लावून घ्यावा. परकर सुती असावा, रेशमी परकरावर साडी सरकते. चप्पल रोजच्या वापरातली असावी, नव्या चपलेने मांडवात पाय सोलतात.

हळदीला वेगळी साडी. ठाणे-रायगडकडे हळदीचा थाट लग्नापेक्षा मोठा असतो, आणि आता तो देशावरही पोचला आहे. हळदीचा डाग रेशमावरून निघत नाही. त्या दिवशी सुती, धुता येणारी साडी नेसावी. पिवळीच नवी हवी असा काही नियम नाही.

खर्चाची मेर आखून घ्या. पीककर्ज पिकासाठी असते. सोसायटीतून उचललेल्या पैशाची साडी मांडवात चार तास मिरवते आणि तिचे व्याज दोन हंगाम पुरते. मी गावोगाव फिरलो आहे. लग्नाच्या कर्जात बसलेली घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या कपाटात ती साडीही पाहिली आहे. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आकडा ठरवावा आणि दुकानदाराला सांगावा. त्याच्या वरची साडी उलगडूच देऊ नये. आम्ही दोघा भावांनी मिळून पाच हजार ठरवले होते.

चौथ्या दुकानात आक्काने पहिल्यांदा स्वतः हात पुढे केला. अंजिरी रंगाचे इरकल होते, हिरव्या काठाचे. आमची आई सणाला असेच नेसायची. तिने काठ चाचपला, अंगावर घेतले आणि पदर उलगडल्यावर थांबली. पदर लाल होता.

"लाल पदर नको," ती म्हणाली आणि साडी खाली ठेवली.

कोणीच काही बोलले नाही. भाचीही नाही. दुकानदार वयस्क होता. तो म्हणाला, "आक्का, दुसऱ्या पदराचं इरकल मी आणू कुठनं? त्याचा पदर लालच विणतात."

आक्काने साडी पुन्हा उचलली. थोडा वेळ पाहत राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "त्याचा पदरच लाल असतो म्हणतात. त्याला आता मी काय करू?" आणि हसली. सहा वर्षांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते. बेचाळीसशे रुपये झाले. उरलेल्या पैशांत खणाचे पोलके झाले आणि वरती बाजारातली भेळही झाली.

लग्नाच्या दिवशी कन्यादानाला धाकटे दीर आणि जाऊ बसणार होते. तसे ठरले होते. पण ऐन वेळी जाऊबाई पाटावरून उठल्या, आक्काच्या हाताला धरले आणि तिला आपल्या जागी बसवून स्वतः मागे उभ्या राहिल्या. भटजींनी एकदा वर पाहिले आणि पुढचा मंत्र सुरू केला. पाण्याच्या धारेखाली आक्काचा हात होता. मांडवात कुजबुज झाली नाही असे मी म्हणणार नाही. थोडी झाली, आणि अक्षता पडल्यावर ती पंगतीच्या गडबडीत विरून गेली. आकाश काही कोसळले नाही.

विहीणबाई भेटीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात हळदी-कुंकवाची कोयरी होती. त्या घुटमळल्या. आक्काने कपाळ पुढे केले, हळद लावून घेतली आणि कुंकवाला हलकेच मान हलवली. आम्ही आग्रह धरला नाही. किती पुढे यायचे हे तिने ठरवायचे. आम्ही फक्त वाट अडवायची नाही. नंतर बायकांचा घोळका तिच्याभोवती जमला. "कुठनं घेतलं इरकल?" हेच सगळ्या विचारत होत्या. आक्का प्रत्येकीला सांगत होती, "भावांनी आणलं." माझ्या बदामी साडीची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. ती साडी तिने सत्यनारायणाच्या पूजेला नेसली, हा तिचा मोठेपणा.

कोरेगावच्या भगिनीला माझे सांगणे एवढेच. तुमच्याजवळ अजून चार-साडेचार महिने आहेत. आधी आकडा ठरवा, मग रंग, मग कापड. लग्नानंतर साडी लगेच घडी करून ठेवू नका. सावलीत वाळवा, मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवर विरते. अत्तर जरीवर शिंपडू नका.

आणि मामा मंडळींनो, तुम्हालाही एक सांगतो. बहिणीचे लुगडे घ्यायला एकटे जाऊ नका. तिला बरोबर न्या. ती विधवा असेल तर अवश्य न्या, आणि दुकानात तिच्या आधी तोंड उघडू नका. कोणत्या जमिनीत कोणते वाण चालेल हे मी तीस वर्षे सांगत आलो. माझ्या बहिणीला कोणता रंग शोभतो, हे मात्र मला तिच्या मुलीने शिकवले.

पुढच्या अंकात सोयाबीनच्या खतांच्या मात्रा. माती परीक्षणाचा अहवाल हाताशी ठेवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी